फलकावर आपल्याच देवाची गोष्ट येऊ द्या : सातारा-सांगलीच्या यात्रा कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद,
ग्रामदैवत यात्रा कमिट्या, सातारा आणि सांगली जिल्हे

सप्रेम नमस्कार.

बिरोबा आणि मायाक्का ही धनगरांची दैवतं, बहीणभावंडं. आरेवाडीच्या बनापासून चिंचलीच्या वाटेपर्यंत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही यात्रेच्या फलकावर दोघं जोडप्यासारखी शेजारीशेजारी, मागे एकच प्रभावळ, अशी छापली जातात. डिझाइन करणाऱ्याकडे देव-देवीचा एक तयार साचा असतो. त्यात लक्ष्मी-नारायण बसतात, शंकर-पार्वती बसतात, मग आपली बहीणभावंडंही तशीच बसवली जातात. धनगरी ओव्यांमध्ये बिरोबाची बायको कामाबाई आहे. ती मात्र फलकावर कुठेच नसते.

असंच मेंढरांचं. माडग्याळ हे गाव जत तालुक्यातलं. तिथली मेंढी उंच, अंगानं लांब, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि नाकाचा बाक पोपटासारखा. फलकावर मात्र कापसाच्या गोळ्यासारखी परदेशी मेंढरं चरत असतात, मागे बर्फाचे डोंगर. माणदेशातल्या देवामागे बर्फ!

आमची विनंती एकच आहे. यंदाच्या फ्लेक्सच्या खर्चातून काही रक्कम बाजूला काढा आणि तुमच्या देवाची, तुमच्या गावात सांगतात तशी, एक गोष्ट सांगणारं हातानं काढलेलं पोस्टर छापून घ्या. ते कसं करायचं, कुठे बिघडतं आणि का बिघडतं, हे खाली सविस्तर लिहिलं आहे. आम्ही चित्र काढणारे, छापणारे आणि ओव्या टिपून ठेवणारे लोक आहोत.

सुरुवात चित्रकारापासून करू नका, गोष्ट सांगणाऱ्यापासून करा. गजी नाचणारी मंडळी, ओवी म्हणणारे, वाघ्या-मुरळी, गोंधळी, देवाचे पुजारी आणि गावातल्या म्हाताऱ्या बाया यांपैकी किमान दोन वेगळ्या घरांतून तीच गोष्ट ऐका. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनी धनगरी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा एकाच देवाच्या कथेची गावागणिक वेगळी वळणं समोर आली. खंडोबा आणि त्याची धनगर बायको बाणू यांचंच घ्या. कुठे तो म्हाळसेशी सारीपाटात हरतो आणि बारा वर्षं बाणूच्या घरी चाकरीला राहतो. कुठे आधी बाणू स्वप्नात येते आणि मग तो निघतो. मेंढरं धुवायला सांगितल्यावर तो ती खडकावर आपटून मारतो आणि पुन्हा जिवंत करतो, हा प्रसंग बऱ्याच ठिकाणी आहे, पण मेंढरं उठवण्याच्या बदल्यात काय मागितलं ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. तुमच्या गावचं सांगणं जे असेल तेच घ्या. दोन सांगणं जुळलं नाही तर मधलं काहीतरी शिवून तिसरंच तयार करू नका. एक निवडा आणि कोणाचं निवडलं ते पोस्टरवर लिहा.

मोबाइलवर आवाज टिपताना मोबाइल सांगणाऱ्यापासून दीड-दोन फुटांवर, रुमालाच्या घडीवर ठेवा. ढोल शेजारी असेल तर शब्द बुडतात, म्हणून आधी एकदा नुसतं बोलून घ्यायला सांगा आणि नंतर वाद्यांसह घ्या. त्याच बैठकीत तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. देवाच्या हातात काय असतं? अंगावर काय असतं? आणि चित्रात काय दाखवायचं नाही? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. काही ठिकाणी मूळ तांदळ्याचं (मूर्ती न घडवलेल्या, देव म्हणून पुजलेल्या दगडाचं) चित्र काढलेलं चालत नाही, मुखवट्याचं चालतं. काही गोष्टी यात्रेच्या रात्रीच सांगायच्या असतात. हे छापून झाल्यावर कळलं तर सगळी छपाई गुंडाळून ठेवावी लागते, आणि तोपर्यंत दुखावलेली मनं वेगळी. सांगणाऱ्याला मानधन द्या, आणि त्यांची हरकत नसेल तर चित्रकाराच्या बरोबरीनं त्यांचं नाव छापा.

आता प्रसंग निवडणं. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडं थांबून लिहितो.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथींकडे एका कथेसाठी चित्रांची अख्खी पोथी असते. दिव्याच्या उजेडात एक-एक पान दाखवत कथा पुढे जाते. तुमच्याकडे एकच पान आहे, आणि ते बघणारा माणूस चालत-चालत जाणार आहे. देवाचा जन्म, लग्न, दैत्याचा वध आणि समाधी, सगळं एका पानात कोंबलं की कोणतीच आकृती तीन-चार इंचांपेक्षा मोठी राहत नाही आणि पंधरा पावलांवरून नुसता रंगांचा गलका दिसतो. प्रसंग एक, ठळक आकृत्या दोन, फार तर तीन. मुख्य आकृती कागदाच्या उंचीच्या निम्म्याहून मोठी. चित्रकथीच्या चित्रांतून घेण्यासारखं हेच आहे. मोकळी पार्श्वभूमी, समोरासमोर उभी माणसं, मोठे डोळे, अंगाची रेघ स्पष्ट. मंद दिव्यातही माणूस ओळखता यावा म्हणून ती रीत पडली असावी, आणि पोस्टरलाही नेमकं तेच लागतं.

प्रसंग निवडताना आम्ही एक कसोटी लावतो. गोष्ट ठाऊक नसलेल्याला चित्र बघून ‘पुढे काय झालं?’ असं विचारावंसं वाटतं का? दैत्य मेलेला दाखवला की प्रश्न संपला. मेंढरांच्या कळपात घोंगडी पांघरून उभा खंडोबा दाखवा. बाणू त्याच्याकडे पाहते आहे, आणि त्याच्या बोटांना भंडारा लागलेला आहे. पायाशी कुत्रा. बाणूला अजून कळलेलं नाही, बघणाऱ्याला कळलं आहे. एवढ्यावर गोष्ट उभी राहते. कऱ्हाड तालुक्यातल्या पालीच्या यात्रेत मात्र पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, तेव्हा तिथल्या पोस्टरला म्हाळसाच हवी, आणि लग्नाला जमलेल्यांच्या अंगावर पडणारा भंडारा, मागे तारळी नदी. बाणूचं पोस्टर त्या दिवशी तिथे लावणं बरोबर दिसणार नाही. कोणती गोष्ट कोणत्या यात्रेची, हेही बघावं लागतं.

शिखर शिंगणापूरची गोष्ट उभ्या कागदासाठीच घडली आहे. सासवडच्या भुतोजी तेली यांच्या मानाची कावड मुंगी घाटातून वर चढते, ती माणसांच्या हातांची साखळी करून. चित्रात बघणाऱ्याची नजर घाटाच्या तळाशी ठेवा. कावड कागदाच्या वरच्या तिसऱ्या भागात, खाली हात, त्याखाली आणखी हात. शिखर अगदी कडेला, निम्मं कापलेलं. हेच चित्र आडव्या फलकावर काढलं तर घाटाची चढण जाते आणि साधी मिरवणूक दिसते.

नागपंचमीच्या बत्तीस शिराळ्याची अडचण वेगळी. गोरक्षनाथ भिक्षेला आले, घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला, जिवंत नागाची पूजा करशील का असं त्यांनी विचारलं आणि मातीचा नाग सजीव झाला, अशी ती कथा. नाग वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो आणि जिवंत नाग पकडून मिरवण्यावर न्यायालयानं बंदी आणली. तेव्हा हातात जिवंत नाग धरलेला माणूस पोस्टरवर काढला तर कमिटीच अडचणीत येईल. आणि कथेलाही त्याची गरज नाही. पाटावर मातीचा नाग, समोर बाई, भिंतीवर दिव्यानं पडलेली सावली, आणि त्या सावलीनं फणा उचललेला. गोष्ट आणि कायदा दोन्ही सांभाळले जातात. एक बारकावा सांगून ठेवतो. दहाचा आकडा म्हणतात ती चष्म्यासारखी खूण नागाच्या फण्याच्या पाठीमागच्या बाजूला असते. समोरून पाहिलं तर गळ्याकडे काळे पट्टे दिसतात. शिराळ्यात नाग ओळखणारी माणसं घरोघरी आहेत. तिथे ही चूक पहिल्या दिवशी पकडली जाते.

नदीकाठच्या गावांसाठी कृष्णेची कथा आहे. यज्ञाला सावित्री उशिरा आली, तिच्या जागी गायत्री बसली, सावित्रीनं शाप दिला आणि देव नद्या झाले. विष्णूची कृष्णा, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची कोयना. इथे नकाशाच चित्र होऊ शकतो, पण नद्यांची वळणं खरी काढा. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते. कोयना आधी दक्षिणेला जाते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेच्या समोर येऊन भेटते. सांगलीजवळ हरिपूरला वारणा येते. आणि रागावलेली सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते, म्हणून तिची रेघ कागदाच्या डाव्या कडेतून बाहेर जाऊ द्या. कथा आणि भूगोल इतके जुळून आलेले फार ठिकाणी सापडत नाहीत.

शैलीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. वारली चित्रांची पांढरी माणसं प्रत्येक भिंतीवर येऊ लागली आहेत. ती पालघर भागातल्या वारली समाजाची कला आहे, भौगोलिक मानांकन मिळालेली. धनगरी देवाला ती उसनी घालू नका. तसंच ओलिओग्राफचं, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील चित्रांचं. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि गोऱ्या, गुलाबी गालांचे देव घराघरात गेले. ती चित्रं सुंदर आहेत, पण तेव्हापासून सगळ्या देवांना एकच तोंड मिळालं. बिरोबाला चिलखत आणि तिसरा डोळा देऊन त्याचा वीरभद्र करणं हे त्याच सवयीतून येतं. चित्रकाराला एक दिवस औंधला घेऊन जा. यमाईच्या डोंगरावरच्या श्री भवानी संग्रहालयात औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमवलेली चित्रं आहेत. स्वतः बाळासाहेबांनी काढलेली रामायणाची चित्रं १९१६ साली छापून निघाली. प्रसंगात कोण कुठे उभा, कोणाची नजर कुठे, हे तिथे शिकता येतं. दागिने आणि महाल मात्र तिथेच ठेवून या. घोंगडी, पागोटं, काठी, बाभूळ, बोर, काळा दगड, दीपमाळ आणि मागे वळलेल्या लांब शिंगांचा खिलार बैल हे आपल्या मुलखाचं सामान आहे. संगणकाला चार शब्द सांगून बनवलेलं चित्र वापरू नका. त्यात हत्यारं चुकतात, बोटं चुकतात, आणि मेंढरू पुन्हा परदेशीच येतं.

आता मापं. छापखान्यात सहज मिळणारा डेमी कागद १८ × २३ इंचांचा, कापल्यावर साधारण १७.५ × २२.५. यातला खालचा चार इंचांचा पट्टा यात्रेच्या तारखा, कार्यक्रम आणि कमिटीच्या नावांसाठी ठेवा, वर बारीक तुटक रेघ द्या. यात्रा झाल्यावर तो पट्टा कापला की वरचं चित्र शाळेत, देवळाच्या ओवरीत, घराच्या भिंतीवर राहतं. फोटो छापायचेच असतील तर तेही याच पट्ट्यात. चित्र चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त वाढवून घ्या, आणि अक्षरं व देवाचे पाय कडेपासून निदान १२ मिलिमीटर आत ठेवा. कटिंगमध्ये गठ्ठा थोडा सरकतोच. तेव्हा देवाची पावलं कापली गेली तर ते पोस्टर कोणी भिंतीला लावत नाही.

मूळ चित्र छापायच्या मापाएवढं किंवा दीडपट काढा आणि ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून घ्या. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आकसून लांबीला साधारण १६०० पिक्सेलवर येतं. २३ इंचांवर ते सत्तरच्या आसपास डीपीआय भरतं. डोळे आणि दागिने धुरकट होण्याचं पहिलं कारण हेच. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हमध्ये द्या.

अक्षरांचा घोळ स्वतंत्र आहे. दहा फुटांवरून वाचायला अक्षर एक इंच उंच असावं, हा हिशेब धरा. मजकूर पंचवीस शब्दांच्या आत. गोष्टीचं नाव आणि सांगणाऱ्याच्या तोंडच्या एक-दोन ओळी, त्याच्याच बोलीत; ‘आलाय’चं ‘आगमन झाले आहे’ करू नका. जागा भरण्यासाठी अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते आणि शब्द दातांसारखा दिसतो. ओळींमधलं अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. जुन्या श्री-लिपी फॉन्टमध्ये केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, म्हणून छापायला देण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये (फॉन्ट नसला तरी तशीच दिसणाऱ्या आकृत्यांत) बदलून घ्या. युनिकोडमध्ये तीन शब्द डोळ्यांत तेल घालून तपासा : कऱ्हाड, म्हाळसा, ज्योतिर्लिंग. जोडाक्षर तुटायचं असेल तर इथे तुटतं. आणि ल, श ही अक्षरं मराठी वळणाची आहेत की हिंदी, हेही बघा.

रंगात सगळा जीव भंडाऱ्याचा. पिवळा १०० टक्के आणि किरमिजी १५ ते २५ टक्के यांत हळद नीट उतरते. त्यात निळा पाचाएवढाही शिरला की भंडारा हिरवट, आजारी दिसतो. स्क्रीनवर तो झळाळताना दिसतो म्हणून फसगत होते. छापून नमुना बघितल्याशिवाय सही करू नका. घोंगडीचा मोठा काळा भाग नुसत्या काळ्या शाईत राखाडी उतरतो. त्याखाली निळा ४० आणि किरमिजी, पिवळा प्रत्येकी ३० द्या. बारीक अक्षरं मात्र नुसत्या काळ्यातच ठेवा, नाहीतर रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग बसण्याची जुळणी, केसभर हललं तरी अक्षराला रंगीत सावली पडते.

किती प्रती, यावर छपाई ठरते. पन्नासच्या आत असतील तर डिजिटल. शंभर ते तीनशेला स्क्रीन प्रिंटिंग आम्हाला सगळ्यात आवडतं, कारण रंग जाड आणि सपाट बसतो आणि हातानं काढलेली रेघ तशीच राहते. हजाराच्या पुढे ऑफसेट. स्क्रीनला चार रंग पुरतात : हळद, कुंकू, नीळ, काळा. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, शेवटी काळी रेघ. पिवळ्यावर पारदर्शक निळा गेला की बाभळीचा हिरवा आपोआप मिळतो, पाचवा स्क्रीन वाचतो. काळी रेघ रंगाच्या कडेवर मिलिमीटरभर चढलेली हवी. नाहीतर मधे पांढरी फट दिसते. पावसाळ्यात कागद ओल धरून फुगतो आणि दुसऱ्या रंगापासून रजिस्टर हलायला लागतं. नागपंचमीच्या पोस्टरचा कागद म्हणूनच छापण्याआधी दोन दिवस त्याच खोलीत मोकळा ठेवावा. पौष-माघाच्या यात्रांना हा त्रास नाही.

भिंतीला चिकटवायचं असेल तर ८० ते ९० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला साधा कागद, घ्या. गुळगुळीत आर्ट पेपर खळ शोषत नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात कडा उचलतो. आर्ट पेपर, १७० जीएसएमचा, घरात लावायच्या प्रतींसाठी ठेवा. खळ करताना एक किलो मैदा आधी थंड पाण्यात कालवून घ्या, एकूण सहा लिटर पाणी होईल इतकं घालून ढवळत शिजवा, उतरवल्यावर चमचाभर मोरचूद. मैदा थेट उकळत्या पाण्यात टाकला की गाठी होतात आणि त्या कागदावर फोडासारख्या दिसतात. मोरचूद विषारी असतं आणि खळीच्या वासानं शेरडं कागद ओढून खातात. तेव्हा पोस्टर जनावराचं तोंड पोचणार नाही इतकं वर लावा आणि उरलेली खळ उघड्यावर ओतू नका. देवळाच्या दगडी भिंतीला, दीपमाळेला, बारवेला खळ लावूच नये. दगडाच्या सांध्यात ती वर्षानुवर्षं राहते. दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक भिंतीला परवानगीशिवाय चिकटवणं हा १९९५ च्या मालमत्ता विरूपण प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे. ग्रामपंचायतीकडून लेखी परवानगी घ्या, किंवा बांबूच्या चौकटीला मांजरपाट ताणून त्यावर लावा. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक-पीव्हीसी फलकांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहेच.

वेळेचा हिशेब यात्रेपासून मागे मोजा. गोष्ट ऐकणं आणि टिपणं यांना तीन आठवडे. पेन्सिलीचा कच्चा आराखडा सांगणाऱ्यांना आणि पुजाऱ्यांना दाखवून दुरुस्त करायला एक आठवडा. ही पायरी गाळली तर वर लिहिलेल्या सगळ्या चुका परत येतात. रंगीत चित्राला दोन आठवडे, अक्षरजुळणी आणि नमुना प्रतीला एक, छपाई आणि वाळवायला एक. म्हणजे आठ आठवडे. यात्रेच्या दहा दिवस आधी सांगितलं तर चित्रकार पुन्हा तयार साच्याकडेच जाणार, आणि तेव्हा दोष त्याचा नसेल.

पुढच्या बैठकीत घेण्यासाठी ठरावाचा मसुदा सोबत देत आहोत. गावाचं आणि देवाचं नाव घालून इतिवृत्तात जसाच्या तसा लिहून घ्यावा :

“या वर्षीच्या यात्रेसाठी ग्रामदैवताची, गावात सांगितली जाते ती एक कथा हस्तचित्रित पोस्टरवर छापावी. कथा किमान दोन सांगणाऱ्यांकडून ऐकून नोंदवावी. कच्चा आराखडा त्यांना व पुजाऱ्यांना दाखवूनच पक्का करावा. कथा सांगणारे व चित्रकार या दोघांना मानधन द्यावे व त्यांच्या संमतीने नावे छापावीत. मूळ चित्र, ध्वनिमुद्रण व छपाईची फाइल देवस्थानच्या दप्तरात ठेवावी. उरलेल्या प्रतींचा कार्यक्रमाचा पट्टा कापून त्या गावातील शाळांना द्याव्यात.”

आपले,
सातारा-सांगलीतले काही चित्रकार, छपाईवाले आणि ओव्या टिपणारे